कळ न दाबतां गेलेला निरोप

इंटरनेटवरील एखाद्या पानावर रेल्वेचें तिकीट काढतांना गांवाच्या नांवाचीं पहिलीं दोन-तीन अक्षरें टाइप केलीं कीं त्या अक्षरांच्या स्टेशनांची यादी लागलीच खालीं उघडते. पत्र लिहितां लिहितां वीज गेली तरी बहुतेक मजकूर सुरक्षित राहतो. कारण लिहिणाऱ्यानें कांहींहि न सांगतां पानानें तो मधून मधून दूरच्या यंत्राकडे पोंचविलेला असतो. नकाशा बोटानें सरकविला कीं पुढचा मुलूख आपोआप येऊन जुळतो. या तिन्ही गोष्टी आज घरोघरच्या झाल्या आहेत आणि तिहींच्या मुळाशीं एकच युक्ति आहे. पान जागच्या जागीं ठेवावयाचें, त्याच्या पोटांत दडविलेल्या लेखी आज्ञांनीं, म्हणजे स्क्रिप्टनें, वाचकाचा मजकूर सर्व्हरकडे परस्पर धाडावयाचा, आणि आलेलें उत्तर तेथेंच मांडावयाचें. ही युक्ति कोणा एका पंडितानें निवांत बसून योजलेली नाहीं. ती एका कंपनीच्या ई-टपालाच्या अडचणींतून निघाली, भलत्याच नांवाखालीं जगांत शिरली, पांच-सहा वर्षें जवळजवळ अज्ञातवासांत राहिली, आणि ज्या वर्षीं प्रसिद्धीस आली त्याच वर्षीं तिनें आपलें दुसरें रूपहि दाखविलें.

जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं ज्या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९१ पासून जें बाहेरच्यांस खुलें झालें, तें व्यवहारांत एक मोठें वाचनालय होतें. शास्त्रज्ञांनीं एकमेकांचे निबंध वाचावे, एका निबंधांतून दुसऱ्या निबंधाकडे जावें, एवढाच त्याचा व्याप. बर्नर्स-ली यांच्या स्वतःच्या पहिल्या ब्राउझरमध्यें पान लिहिण्याचीहि सोय होती. परंतु पुढें जे ब्राउझर लोकांच्या हातीं पडले त्यांत ती राहिली नाहीं. वाचकानें पान मागावें आणि सर्व्हरनें तें द्यावें, असा हा एकेरी व्यवहार ठरून गेला. वाचकास उलट कांहीं कळवावयाचें तर शोधाचा एखादा शब्द टाकण्यापलीकडे मार्ग नव्हता.

तो मार्ग १९९३ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणककेंद्रांत रुंद झाला. मोझेक हा ब्राउझर तेथलाच. त्यांत रिकाम्या चौकटी, निवडीच्या खुणा आणि शेवटीं एक कळ असा भरावयाचा फॉर्म दाखवितां येऊं लागला. आणि त्याच केंद्रांतील रॉब मॅकूल यांनीं सर्व्हरच्या बाजूस सीजीआय नांवाची व्यवस्था केली. आलेला फॉर्म सर्व्हरनें एखाद्या स्वतंत्र कार्यक्रमाच्या हातीं द्यावा, त्यानें तो वाचून उत्तराचें नवें पान तयार करावें आणि सर्व्हरनें तें परत पाठवावें, ही ती व्यवस्था. फॉर्म धाडण्याचे दोन प्रकार होते व ते आजहि आहेत. पहिल्यांत भरलेला मजकूर पानाच्या पत्त्यालाच प्रश्नचिन्हापुढें चिकटवून जातो. तो त्या काळीं वाटेवरच्या प्रत्येकास दिसे, पोस्टकार्डासारखा. दुसऱ्यांत मजकूर निरोपाच्या पोटांत जातो, पाकिटांतल्या पत्रासारखा. मात्र हें पाकीट त्या काळीं गोंद न लावलेलें होतें. तें सांकेतिक भाषेनें बंद करण्याची सोय नेटस्केप कंपनीनें पुढच्या दोन वर्षांत केली, आणि पत्त्याच्या आरंभीं जो एक जादा ‘एस’ दिसतो तो तिचाच वंशज होय.

या पद्धतीचा गुण असा कीं ती सरळ होती. कळ दाबणें म्हणजे अर्जावर सही करणें. कळ दाबीपर्यंत भरलेला मजकूर भरणाऱ्याच्याच यंत्रांत राही; दाबल्यावर तो गेला, हें त्यास पक्कें ठाऊक असे. दोष असा कीं प्रत्येक वेळीं सबंध पान पुसलें जाऊन नवें पान मुळापासून यावें लागे. कचेरींत अर्ज द्यावा, कारकुनानें एक रकाना चुकला म्हणून तो परत करावा, आणि चूक सुधारण्यासाठीं अर्जदारानें घरीं जाऊन पुन्हां पहिल्यापासून यावें, तसा तो प्रकार होता. भारतांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें तेव्हां मुंबईच्या घरांतून तें टेलिफोनच्या तारेवरूनच येई. पिन कोडाचा एक आंकडा गाळल्याबद्दल सारें पान पुन्हां उतरण्याची वाट पाहणें म्हणजे काय, हें ज्यांनीं तो काळ काढला आहे त्यांस सांगावयास नको.

यावरचा पहिला उतारा म्हणजे पानाच्या आंतच थोडी अक्कल ठेवणें. १९९५ च्या मे महिन्यांत ब्रेंडन आयक यांनीं नेटस्केपसाठीं दहा दिवसांत एका लहानशा भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तिचें नांव आधीं मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरांत जावास्क्रिप्ट झालें. त्या वेळीं जावा या दुसऱ्याच भाषेचा बोलबाला होता म्हणून तिचा शब्द उसना घेतला, एरव्हीं दोहोंचें नातें नांवापुरतें. दहा दिवसांच्या पायावर जगाच्या व्यवहाराचा एवढा इमला चढावा हें विलक्षण खरें. परंतु आरंभीं तिच्याकडे काम होतें तें दारावरच्या कारकुनाचें: रकाना रिकामा आहे काय, पत्त्यांत ठराविक चिन्ह आहे काय, एवढें पाहून फॉर्म पुढें सोडावयाचा. स्क्रिप्टला पानावरचा मजकूर वाचतां येई, बदलतांहि येई. पण स्वतः बाहेर जाऊन सर्व्हरशीं दोन शब्द बोलून येण्याचें साधन तिच्यापाशीं नव्हतें.

साधन नाहीं म्हटल्यावर लोकांनीं चोरवाटा काढल्या. एक वाट चित्राची. पानावर चित्र दाखवावयाचें तर ब्राउझर तें सर्व्हरकडे मागतो. मग चित्राच्या पत्त्यालाच आपला निरोप जोडला कीं मागणीबरोबर निरोपहि जातो. येणारें चित्र डोळ्यांस न दिसणाऱ्या एका ठिपक्याएवढें असलें तरी चालतें. दुसरी वाट चौकटीची. पानांत दुसरें पान बसविण्यासाठीं जी चौकट असते ती शून्य रुंदीची करून लपवावयाची, फॉर्म तिच्यांत सोडावयाचा, आणि उत्तरादाखल येणाऱ्या पानांतील स्क्रिप्टनें बाहेरच्या पानास हांक मारावयाची. डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार यांनीं २००१ सालीं जो निरोप या लपलेल्या चौकटींतून धाडला, त्यांतूनच पुढें जेसन या नांवानें प्रसिद्ध झालेली मजकूर बांधण्याची रीत जन्मली. अशा वाटा चालत, पण त्यांच्यावर भरंवसा ठेवून मोठें काम उभारणें कठीण होतें. निरोप पोंचला नाहीं तर तो पोंचला नाहीं हेंसुद्धां धड कळत नसे.

राजमार्ग निघाला तो मायक्रोसॉफ्टच्या टपालविभागांत. कंपन्यांच्या अंतर्गत ई-टपालासाठीं एक्स्चेंज नांवाचा सर्व्हर ती कंपनी विकीत असे, आणि ब्राउझरमधून तें टपाल वाचण्यासाठीं आउटलुक वेब अॅक्सेस नांवाचें पान त्याच्याबरोबर देत असे. एक्स्चेंजच्या २००० या आवृत्तीची तयारी १९९८ च्या सुमारास चालली होती. टपालाच्या बाबतींत सबंध पान पुन्हां आणण्याचा जाच विशेष होता. डावीकडे खणांची नांवें, मधें पत्रांची यादी, उजवीकडे उघडलेलें पत्र. आणि एक पत्र उघडावें तों तिन्ही नाहींशीं होऊन पडदा पांढरा व्हावा. दिवसांतून शंभर पत्रें पाहणाऱ्या मनुष्यानें हें किती वेळ सोसावें? म्हणून त्या मंडळींनीं पानाच्या दोन तऱ्हा करावयाचें ठरविलें. एक साधी, कोणत्याहि ब्राउझरला चालणारी; दुसरी इंटरनेट एक्सप्लोररच्या नव्या अंगांचा पुरा उपयोग करणारी. दुसरीचा प्रयोग पाहिल्यावर अॅलेक्स हॉपमन या कार्यक्रमकाराच्या ध्यानांत आलें कीं स्क्रिप्टला थेट सर्व्हरशीं बोलतां आलें पाहिजे. त्यांनीं आठवड्याच्या सुट्टींत बसून त्या साधनाची पहिली प्रत लिहिली.

साधन झालें, तें लोकांच्या यंत्रांवर जावें कसें? स्वतंत्रपणें उतरवून घ्या म्हणावें तर कोण घेणार? तें ब्राउझरबरोबरच गेलें पाहिजे. परंतु इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीची शेवटची चांचणी अवघ्या कांहीं आठवड्यांवर आली होती. अशा वेळीं हॉपमन यांस आठवलें कीं एक्सएमएल या मजकूर बांधण्याच्या भाषेसंबंधीं एक ग्रंथालय, म्हणजे तयार कार्यक्रमांचा एक गठ्ठा, ब्राउझरबरोबर जाणारच आहे. त्या विभागाचे प्रमुख जाँ पाओली यांच्याशीं त्यांनीं बोलणें केलें आणि आपलें साधन त्या गठ्ठ्यांत बसवून घेतलें. एक्सएमएलच्या गाडींत जागा मिळवावयाची तर नांवांत एक्सएमएल हवें. म्हणून नांव पडलें एक्सएमएलएचटीटीपी. वास्तविक तें कोणत्याहि प्रकारचा मजकूर नेऊं-आणूं शकतें, एक्सएमएलशीं त्याचें विशेष सख्य नाहीं. ही कबुली खुद्द हॉपमन यांनींच पुढें मोकळेपणानें लिहून ठेविली आहे. बाकी त्या दिवसांत एक्सएमएल हा शब्द इतका चलनांत होता कीं तो नांवाला लावणें फायद्याचेंच होतें! १९९९ च्या मार्चमध्यें इंटरनेट एक्सप्लोरर पांच बाहेर पडला आणि त्याच्या सामानांत हा अनामिकासारखा प्रवासी लाखों घरांत जाऊन बसला.

त्याची काम करण्याची रीत जुन्या सरदारी वाड्यांतील हरकाऱ्यासारखी आहे. स्क्रिप्ट हरकाऱ्यास बोलावते, कोणत्या पत्त्यावर व कोणत्या प्रकारें जावयाचें तें सांगते, हातीं मजकूर देते आणि रवाना करते. येथें दोन तऱ्हा संभवतात. हरकाऱ्या परत येईपर्यंत वाड्यांतील सर्व कामें थांबवून दाराशीं उभें राहावयाचें, ही एक. असें केलें तर पान गोठल्यासारखें होतें, कळ दबत नाहीं कीं अक्षर उमटत नाहीं. दुसरी तऱ्हा म्हणजे तो आल्यावर काय करावयाचें याची सूचना आगाऊ लिहून ठेवून आपल्या कामास लागावयाचें. सगळी मौज या दुसऱ्या तऱ्हेंत आहे. हरकाऱ्याच्या प्रवासाच्या अवस्थांना शून्यापासून चारपर्यंत आंकडे आहेत. चार म्हणजे परतला. परतला म्हणजे काम झालेंच असें नव्हे. सर्व्हरच्या उत्तराचा एक वेगळा आंकडा असतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर कोणी नाहीं. आणि एक घोटाळा असा कीं दोन हरकारे मागेंपुढें धाडले तर मागून गेलेला आधीं परतूं शकतो. ‘पु’ हें अक्षर टाइप करतांच एक विचारणा गेली, ‘पुणें’ पुरें होतांच दुसरी गेली, आणि पहिलीचें उत्तर रेंगाळत शेवटीं आलें, तर पुण्याच्या यादीवर पुरीची यादी येऊन बसते. नवशिके याच ठिकाणीं हटकून अडखळतात.

इतकें सोयीचें साधन हातीं असून जगानें तिकडे पांच वर्षें फारसें पाहिलें नाहीं. कारण उघड होतें. तें एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्यें होतें, आणि सर्वांसाठीं पान लिहिणाऱ्यास तेवढ्यावर विसंबतां येत नव्हतें. मोझिला मंडळानें २००० च्या डिसेंबरांत त्याची स्वतःची प्रतिकृति आणली आणि २००२ च्या जूनमधील आपल्या पहिल्या पूर्ण आवृत्तींत ती पक्की केली. एक्सएमएलएचटीटीपी-रिक्वेस्ट हें आज रूढ असलेलें नांव मोझिलाचें. त्यांत पहिलीं तीन इंग्रजी अक्षरें थोरलीं आणि पुढचीं चार बहुतांशीं धाकटीं असा जो विसंगत थाट आहे त्याबद्दल कार्यक्रमकार अजून कुरकुरतात. अॅपलच्या सफारीनें २००४ सालीं आणि ऑपेरानें २००५ सालीं तीच वाट धरली. मग कोठें जमीन तयार झाली.

१ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल जाहीर केलें तेव्हां तारीख पाहून अनेकांनीं ती थट्टा समजली. हॉटमेल दोन मेगाबाइट आणि याहू चार मेगाबाइट जागा देत असतांना हे एक गिगाबाइट देऊं म्हणत होते! लोकांचे डोळे जागेवर खिळले. परंतु पॉल बुकाइट यांनीं बांधलेल्या त्या पानाचें खरें नावीन्य हें होतें कीं पत्र उघडतांना पडदा पांढरा होत नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गूगलचे केव्हिन गिब्ज यांनीं शोधाच्या चौकटीखालीं अक्षरागणिक सूचना दाखविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजीं सरकतां येणारे नकाशे आले. दहाच दिवसांनीं, १८ फेब्रुवारीस, सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅडॅप्टिव्ह पाथ या सल्लागार संस्थेचे जेसी जेम्स गॅरेट यांनीं एक छोटा निबंध लिहून या सर्व प्रकाराचें बारसें केलें: एजॅक्स. अशीलाला समजावून सांगतांना दर वेळीं चार लांबलचक नांवें उच्चारण्याचा कंटाळा, हें त्या बारशाचें निमित्त. गॅरेट यांनीं नवें कांहींच शोधलें नव्हतें व तसा दावाहि केला नव्हता. पण नांवाचें सामर्थ्य चमत्कारिक असतें. जें पांच वर्षें सर्वांच्या यंत्रांत पडून होतें तें नांव मिळतांच वर्षाच्या आंत सर्वतोमुखीं झालें. ५ एप्रिल २००६ रोजीं जाळ्याच्या मानकमंडळानें त्याच्या नियमांचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. म्हणजे मूल सात वर्षांचें झाल्यावर जन्मनोंद झाली.

देवनागरी लिहिणाऱ्यांचा या इतिहासाशीं एक खास संबंध आहे. पत्त्याला चिकटून जाणाऱ्या मजकुरांत इंग्रजी अक्षरें व कांहीं मोजकीं चिन्हें यांखेरीज दुसरें कांहीं चालत नाहीं. बाकीच्या लिपींचीं अक्षरें टक्क्याचें चिन्ह व आंकडे यांच्या रूपांत बदलून पाठवावीं लागतात. जावास्क्रिप्टमधील जुन्या सोयीनें ‘क’ पाठविला तर त्याचें रूप असें होई कीं तें कोणत्याच मान्य नियमांत बसत नसे. पुष्कळसे सर्व्हर तें ओळखीत नसत आणि उत्तरीं प्रश्नचिन्हांची माळ येई. १९९९ च्या अखेरीस भाषेच्या तिसऱ्या प्रमाण-आवृत्तींत त्याची दुरुस्ती झाली. नव्या रीतीनें एका ‘क’चीं नऊ चिन्हें होतात, ‘की’चीं अठरा. मराठी मजकूर एवढा फुगून प्रवास करतो, पण शाबूत पोंचतो. आणि पोंचूं लागल्यावर त्याच हरकाऱ्यानें मराठीची मोठीच सेवा केली. त्या दशकाच्या अखेरीस गूगलच्या लिप्यंतराच्या पानावर रोमन अक्षरांत शब्द लिहून मोकळी जागा सोडली कीं तो शब्द सर्व्हरकडे जाई आणि देवनागरी होऊन परत येई. कळफलकाचा सराव नसलेल्या कितीतरी लोकांनीं संगणकावर मराठी लिहावयास आरंभ केला तो या मार्गानें.

येथवरची कथा सोयीची झाली. परंतु कळ न दाबतां निरोप जातो, याचा अर्थ पाठविणाऱ्याच्या संमतीवांचूनहि तो जाऊं शकतो. जावास्क्रिप्टच्या बाल्यावस्थेंतच नेटस्केपनें एक पहारा बसविला होता: एका स्थळाहून आलेल्या स्क्रिप्टनें दुसऱ्या स्थळाचा मजकूर वाचूं नये. नाहींपेक्षां एका खिडकींत बँकेचें पान उघडें असतांना दुसऱ्या खिडकींतील पाहुणा तिची खतावणी वाचून जाता. नव्या हरकाऱ्यालाहि हाच नियम लावला होता. ज्या स्थळाचें पान, त्याच स्थळाकडे त्यानें जावयाचें. यांत एक छिद्र राहिलें. पहारा येणाराचें गांव पाहतो, मनुष्य पाहत नाहीं. परकी स्क्रिप्ट कोणत्याहि उपायानें पानाच्या आंत शिरली कीं ती घरचीच गणली जाते.

४ ऑक्टोबर २००५ रोजीं तें सिद्ध झालें. मायस्पेस हें त्या काळीं अमेरिकेंतील तरुणांचें मोठें भेटीचें स्थळ होतें. तेथें प्रत्येकास स्वतःचें पान सजवितां येई, मात्र स्क्रिप्ट घालतां येत नसे. जावास्क्रिप्ट हा शब्द दिसला कीं चाळणी तो काढून टाकी. सॅमी कामकार या एकोणीस वर्षांच्या मुलानें तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींवर लिहिला. चाळणीला तो ओळखूं आला नाहीं. कांहीं ब्राउझरांनीं मात्र तो जोडून वाचला. पुढचें काम हरकाऱ्याचें. सॅमीचें पान जो कोणी पाहील त्याच्याच नांवानें, त्याच्याच यंत्रावरून, मायस्पेसकडे निरोप जाई कीं सॅमी माझा मित्र आहे. आणि तीच स्क्रिप्ट त्या पाहणाऱ्याच्या पानावर चिकटे. पहाऱ्यांत दोन अडथळे होते. व्यक्तींचीं पानें एका पत्त्यावर आणि मैत्रीचा अर्ज स्वीकारणारें पान किंचित निराळ्या पत्त्यावर होतें. म्हणून स्क्रिप्ट आधीं तेंच पान दुसऱ्या पत्त्यावरून उघडावयास लावी. शिवाय अर्जाबरोबर सर्व्हरनें दिलेलें एक गुप्त बिल्ल्यासारखें चिन्ह दाखवावें लागे. तेंहि जमलें: आधीं एक हरकारा पाठवून अर्जाचें पान आणवावयाचें, त्यांतील बिल्ला काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हरकाऱ्याच्या हातीं द्यावयाचा.

पहिल्या कांहीं तासांत मित्रांची वाढ बेताची होती. पण प्रत्येक नवा मित्र आणखी कित्येकांस लागण करीत असल्यामुळें वीस तासांच्या आंत दहा लाखांहून अधिक लोकांच्या नांवानें सॅमीकडे मैत्रीचे अर्ज गेले, आणि मायस्पेसला आपलें स्थळ कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. कोणाचा पैसा गेला नाहीं, कोणाचें पत्र चोरीस गेलें नाहीं. मुलानें गंमत म्हणून केलें होतें असें तो सांगे, आणि तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. तरी २००७ सालीं न्यायालयानें त्यास तीन वर्षें देखरेखीखालीं ठेवण्याची व समाजसेवेची शिक्षा दिली. ज्या हरकाऱ्याचें बारसें फेब्रुवारींत झालें होतें त्याचें नांव असें आठ महिन्यांत पोलिसांच्या दप्तरीं चढलें.

गमतीची बाजू संपून नुकसानीची बाजू कशी असते हें २०१८ सालीं ब्रिटिश एअरवेजच्या प्रवाशांनीं अनुभविलें. कंपनीच्या पानावर एक जुनी, निरुपद्रवी स्क्रिप्ट पडून होती. चोरट्यांनीं सर्व्हरपर्यंत पोंचून तिच्या शेवटीं अवघ्या बावीस ओळी जोडल्या. प्रवाशानें पैसे भरण्याची कळ दाबून बोट उचललें कीं त्या ओळी फॉर्ममधील नांव, पत्ता, कार्डाचा आंकडा आणि मागील बाजूचा गुप्त आंकडा गोळा करीत व कंपनीच्या नांवाशीं मिळतें-जुळतें नांव घेतलेल्या एका परक्या सर्व्हरकडे धाडीत. तिकीट तर व्यवस्थित मिळे. पान हललें नाहीं, पडदा पांढरा झाला नाहीं, इशारा उमटला नाहीं. २१ ऑगस्टपासून ५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, हें चाललें. आणि पुढील तपासांत बाधित लोकांची संख्या चार लाखांहून अधिक निघाली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनीं आधीं अठरा कोटी पौंडांहून मोठ्या दंडाची नोटीस दिली व अखेर ऑक्टोबर २०२० मध्यें दोन कोटी पौंड दंड केला. दुरून आणलेल्या पांढऱ्या पडद्याबद्दल जे एके काळीं त्रासून जात, त्यांनीं या प्रसंगाकडे पाहावें. तो पडदा निदान एवढें तरी सांगत असे कीं मजकूर आतां गेला.

पहाऱ्याचे नियम मध्यंतरीं सुधारले होतेच. एका स्थळाच्या हरकाऱ्यास दुसऱ्या स्थळीं जावयाचें असेल तर त्या दुसऱ्या स्थळानें तशी लेखी परवानगी दिली पाहिजे, ही रीत जानेवारी २०१४ मध्यें प्रमाण ठरली. प्रामाणिक व्यवहारास ती फार उपयोगी पडते. चोराच्या बाबतींत तिचा उपयोग होत नाहीं, कारण तेथें परवानगी देणारा चोर स्वतःच असतो. म्हणून पानाच्या मालकानेंच आपल्या स्क्रिप्टना कोणकोणत्या स्थळीं निरोप नेण्याची मुभा आहे याची यादी पानाबरोबर द्यावी आणि ब्राउझरनें ती पाळावी, अशी दुसरी व्यवस्था झाली. ती सोय आहे; मालकानें ती वापरली पाहिजे.

हरकाऱ्याचें घराणेंहि बदललें. २०१५ सालीं क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांत फेच नांवाची नवी, सुटसुटीत रीत आली. वाचक पान मिटून निघतांना शेवटचा निरोप धाडण्यासाठीं एक निराळाच दूत आहे. तो उत्तराची वाट पाहत नाहीं. जुन्या साधनानें आणावयाचा म्हणून ज्या एक्सएमएलचें नांव घेतलें गेलें, त्याची जागा क्रॉकफर्ड यांच्या जेसननें केव्हांच घेतली. ज्या इंटरनेट एक्सप्लोररच्या सामानांतून तें जगांत आलें त्याला मायक्रोसॉफ्टनें १५ जून २०२२ रोजीं निरोप दिला. जुनें साधन मात्र सर्व ब्राउझरांत अजून आहे, त्याच लांबलचक नांवानें. कारण जगांतील असंख्य जुनीं पानें अद्याप त्यालाच हांक मारतात.